डफी रक्तगट आणि हिवतापाचे बंद दार

हिवतापाचा धडा शिकवताना आपण फळ्यावर अ‍ॅनॉफेलिस डासाची मादी, माणसाचे यकृत आणि तांबड्या रक्तपेशी अशी साखळी काढतो. ‘मग परोपजीवी तांबड्या पेशीत शिरतो’ असे सांगून पुढे जातो. पण रक्तात पांढऱ्या पेशीही असतात, बिंबाणूही असतात. या गर्दीत परोपजीवीला तांबडी पेशीच नेमकी कशी सापडते? या प्रश्नाच्या उत्तराचा एक धागा हाती लागला तो हिवतापाशी काहीही संबंध नसलेल्या एका रुग्णामुळे.

त्याआधी थोडे मागे जाऊ. 1917 साली व्हिएन्नातील डॉक्टर वाग्नर-याउरेग यांनी मेंदूपर्यंत पोचलेल्या उपदंशाच्या रुग्णांना मुद्दाम हिवताप देऊन पाहिला. तापाने उपदंशाचा जोर ओसरे आणि नंतर क्विनीन देऊन हिवताप थांबवता येई. पेनिसिलीन येईपर्यंत हा उपचार अनेक देशांत चालला. यासाठी बहुधा प्लाझमोडियम व्हायवॅक्स हा तुलनेने सौम्य, एक दिवसाआड ताप आणणारा परोपजीवी वापरत. अमेरिकेत मात्र एक अडचण आली. बहुतेक कृष्णवर्णीय रुग्णांना हा ताप येईचना. बॉइड आणि स्ट्रॅटमन-थॉमस यांनी 1933 साली या निरीक्षणावर निबंध प्रसिद्ध केला. त्यात ‘कृष्णवर्णीयांची प्रतिरोधकता’ असे शब्द होते. निरीक्षण खरे होते, पण ‘वंश’ हे कारण नव्हे, ती नुसती चिठ्ठी होती. चिठ्ठी लावली की कारण सापडल्यासारखे वाटते आणि शोध थांबतो. इथे तो चाळीसेक वर्षे रेंगाळला.

आता तो रुग्ण. 1950 साली लंडनमध्ये डफी नावाच्या एका हिमोफिलियाच्या रुग्णाच्या रक्तद्रवात एक अनोळखी प्रतिपिंड आढळले. त्यांना वरचेवर दुसऱ्यांचे रक्त द्यावे लागे, त्यातून ते तयार झाले होते. मारी कटबुश, मॉलिसन आणि पार्किन यांनी त्यावरून तांबड्या पेशींवरचा एक नवा प्रतिजन ओळखला आणि त्याला रुग्णाचेच नाव दिले. पुढे या प्रतिजनाचे दोन प्रकार असल्याचे कळले. 1955 साली सँगर, रेस आणि जॅक यांना आढळले की न्यूयॉर्कमधील सुमारे दोन तृतीयांश कृष्णवर्णीयांच्या पेशींवर यांपैकी एकही प्रकार नाही. अशा पेशींना ‘डफी-ऋण’ म्हणतात.

हे दोन धागे अमेरिकेतील लुई मिलर यांनी एकत्र आणले. व्हायवॅक्स प्रयोगशाळेत सतत वाढवता येत नाही. म्हणून त्यांनी त्याचा जवळचा नातेवाईक, माकडांतला प्लाझमोडियम नोलेसी, वापरला. कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधील रॉबर्ट नोल्स यांचे नाव त्याला दिलेले आहे. मिलर यांनी निरनिराळे प्रतिजन नसलेल्या मानवी पेशी या परोपजीवीपुढे ठेवल्या. डफी-ऋण पेशींत तो शिरला नाही. पण एवढ्याने सिद्ध काय होते? त्या माणसांत आणखीही काही वेगळे असू शकते. म्हणून पुढचा प्रयोग महत्त्वाचा. त्यांनी डफी-धन पेशी घेतल्या आणि एका विकराने त्यांच्यावरचा डफी प्रतिजन काढून टाकला. पेशी त्याच माणसाच्या, पण आता परोपजीवीचा प्रवेश जवळजवळ बंद झाला. हे काम 1975 साली प्रसिद्ध झाले. पुढच्याच वर्षी, व्हायवॅक्सवाहक डास चावलेल्या 17 स्वयंसेवकांचे रक्तगट त्यांनी तपासले. त्यांत 11 जण कृष्णवर्णीय होते, पण ताप न आलेले पाचजण तेवढे डफी-ऋण होते. डफी-धन कृष्णवर्णीयांना इतरांसारखाच ताप आला होता. वंशाची चिठ्ठी गळून पडली.

सूक्ष्मदर्शकाखाली आणखी एक गोष्ट दिसली. परोपजीवीची रक्तात फिरणारी अवस्था, म्हणजे मेरोझॉइट, डफी-ऋण पेशीलाही चिकटते. पण आत शिरण्यासाठी दोघांच्या पटलांत जो घट्ट सांधा जुळावा लागतो, तो जुळत नाही. म्हणजे चिकटणे आणि शिरणे या दोन निराळ्या पायऱ्या आहेत. सांधा जुळवणारे परोपजीवीचे प्रथिन पुढे ओळखले गेले, आणि त्यातला नेमका कोणता भाग डफीला धरतो हे 1994 साली चेतन चिटणीस आणि मिलर यांनी दाखवले. मुंबईच्या आय.आय.टी.त भौतिकशास्त्र शिकलेले चिटणीस पुढे दिल्लीत याच प्रथिनावर आधारित लस तयार करण्याच्या कामात राहिले. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या ऑक्सफर्डमधील चाचणीत या प्रथिनाच्या लसीने स्वयंसेवकांच्या रक्तातील परोपजीवीच्या वाढीचा वेग सुमारे निम्म्यावर आला.

1995 साली डफी-ऋण असण्याचे कारणही कळले. जनुक शाबूत असते, फक्त त्याच्या चालू-बंद होण्याच्या जागी एका अक्षराचा बदल असतो. त्यामुळे तांबड्या पेशींत ते बंद राहते, पण इतर ऊतींत चालू असते. त्या व्यक्तीचे म्हणूनच विशेष बिघडत नाही.

गोष्ट इथे संपली असती तर सुटसुटीत झाली असती. पण 2010 साली मादागास्करमधून बातमी आली की तेथे डफी-ऋण माणसांनाही व्हायवॅक्सचा ताप येतो. दार बंद दिसले तरी परोपजीवी दुसरी वाट शोधू शकतो. अधिक घातक फाल्सिपॅरमचे तर डफीवाचून कधीच अडत नव्हते. त्याला बॅसिजिन नावाचे वेगळे प्रथिन लागते, हे 2011 साली कळले.

वर्गात हा विषय निघाला की विद्यार्थ्यांना विचारून पाहा: मिलर यांनी विकराचा प्रयोग केलाच नसता, तर त्यांचा निष्कर्ष आपण मान्य केला असता का? या प्रश्नावर मुले भांडली, तर ‘संबंध’ आणि ‘कारण’ यांतला फरक त्यांना व्याख्या पाठ न करताच कळेल.