आंतरदेशीय दत्तकविधानातील प्रतीक्षाकाळ : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रास्ताविक

आंतरदेशीय दत्तकविधानाचा विचार बहुधा कायद्याच्या किंवा समाजकार्याच्या अंगाने केला जातो. दत्तक घेऊ इच्छिणाऱ्या दांपत्याने अर्ज केल्यापासून मूल प्रत्यक्ष घरी येईपर्यंत जो काळ लोटतो, त्याची ‘विलंब’ या एका शब्दात बोळवण केली जाते. वस्तुतः या काळालाही स्वतःचा इतिहास आहे. कधी हा काळ अवघ्या काही दिवसांचा होता, कधी तो दहा वर्षांहून अधिक लांबला. या प्रतीक्षेतील जवळजवळ प्रत्येक महिना कोणत्या ना कोणत्या गैरप्रकाराला उत्तर म्हणून नियमांत आला. मात्र कागदपत्रांची गती आणि मुलाच्या वाढीची गती यांची सांगड घालणे कोणत्याच व्यवस्थेला साधलेले नाही, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे. विवेचनाचा मुख्य आधार भारतातील, विशेषतः महाराष्ट्राशी निगडित घडामोडी हा असून आवश्यक तेथे अन्य देशांचे दाखले घेतले आहेत.

परंपरागत दत्तक आणि निराधार बालक

धर्मशास्त्रीय दत्तकात प्रतीक्षेला फारसे स्थान नव्हते. मूल बहुधा नात्यातले किंवा परिचितांचे असे. देणारे आणि घेणारे समोरासमोर बसत. दान व प्रतिग्रह झाला की दत्तक पूर्ण होई. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यानेही मूल प्रत्यक्ष देण्या-घेण्याची अट कायम ठेवली. महाराष्ट्राच्या इतिहासात दत्तकाच्या मंजुरीसाठी वाट पाहावी लागल्याची सर्वांत परिचित घटना म्हणजे साताऱ्याची. छत्रपती शहाजी ऊर्फ अप्पासाहेब यांनी १८४८ साली मृत्युसमयी घेतलेला दत्तक कंपनी सरकारने मान्य केला नाही आणि राज्य खालसा झाले. पण तेथे प्रश्न गादीच्या वारसाचा होता. घराला मूल हवे किंवा मुलाला घर हवे, हा त्या वादाचा विषयच नव्हता.

मुलाला घर हवे, हा विचार महाराष्ट्रात एका वेगळ्या वाटेने आला. महात्मा जोतीराव फुले व सावित्रीबाई यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले आणि पुढे तेथेच जन्मलेल्या यशवंताला दत्तक घेतले. १८७५ साली प्रार्थना समाजाच्या प्रयत्नांतून पंढरपूर येथे बालकाश्रम उभा राहिला. ज्याचे कुळ, गोत्र व आईबाप ठाऊक नाहीत अशा मुलाचे काय करायचे, हा प्रश्न या संस्थांनी समाजासमोर ठेवला. संस्था उभ्या राहिल्या. कायदा मात्र फार मागे राहिला. आश्रमातील मूल वाट पाहत होते, पण ती कोणाची हे कोणालाच सांगता येत नव्हते.

प्रतीक्षेविना दत्तक : कोरिया ते व्हिएतनाम

परक्या देशातील निराधार मूल दत्तक घेण्याची आधुनिक चळवळ कोरियन युद्धानंतर वेग घेऊ लागली. अमेरिकेतील ऑरेगॉन राज्यातले शेतकरी हॅरी होल्ट व त्यांच्या पत्नी बर्था यांना आठ कोरियन मुले दत्तक घेता यावीत म्हणून अमेरिकी काँग्रेसने १९५५ साली खास कायदा केला. त्यानंतर होल्ट यांनी इतर कुटुंबांसाठीही मुले आणण्यास प्रारंभ केला. त्यासाठी प्रतिनिधीमार्फत दत्तक घेण्याची पद्धत वापरली गेली. पालकांनी कोरियात पाऊल ठेवण्याची गरज नसे. तेथील कार्यवाही प्रतिनिधी पूर्ण करी आणि पालक आपल्या देशातील विमानतळावर मुलाची वाट पाहत. अमेरिकेतील व्यावसायिक समाजकार्यकर्त्यांनी या पद्धतीस तीव्र विरोध केला. घराची पाहणी पुरेशी होत नाही, पालकांची पात्रता तपासली जात नाही, हा त्यांचा आक्षेप होता. १९६१ च्या अमेरिकी कायद्याने हा मार्ग बंद झाला. ‘गृह अध्ययन अहवाल’ नावाचा जो टप्पा आज प्रत्येक पालकाला पार करावा लागतो, त्याच्या आग्रहामागे हा वाद आहे.

प्रतीक्षा पूर्णपणे गाळली तर काय होते, याचे टोकाचे उदाहरण एप्रिल १९७५ मध्ये सायगावात दिसले. शहर पडण्याच्या बेतात असताना सुमारे अडीच हजार मुले विमानांनी अमेरिकेत व अन्य देशांत नेण्यात आली. ४ एप्रिल रोजी निघालेले पहिलेच लष्करी विमान कोसळून त्यातील अनेक बालके मृत्युमुखी पडली. जी मुले सुखरूप पोहोचली, त्यांपैकी काहींचे आईवडील वा आप्त हयात होते आणि त्यांनी मूल कायमचे देऊन टाकलेले नव्हते, हे पुढे न्यायालयीन वादांतून समोर आले. मुलांना तातडीने वाचवणे आणि मुलांना घाईने उचलून नेणे यांतील सीमारेषा त्या वेळी कोणी आखलीच नव्हती.

पालक, पाल्य आणि १९८४ चा निकाल

भारतात परदेशी नागरिकांना दत्तक घेण्यासाठी थेट कायदा नव्हता. १९५६ चा कायदा हिंदूंपुरता मर्यादित. सर्वांना लागू होईल असे दत्तक विधेयक १९७२ साली संसदेत आले. मुस्लिम समाजातील विरोधामुळे ते बारगळले. १९८० च्या विधेयकातून मुस्लिमांना वगळण्यात आले, तरी त्याचेही कायद्यात रूपांतर झाले नाही. त्यामुळे परदेशी दांपत्याला १८९० च्या पालक व पाल्य कायद्याचा आधार घ्यावा लागे. न्यायालय त्यांना मुलाचे पालक नेमी, आपल्या अधिकारक्षेत्राबाहेर मूल नेण्याची परवानगी देई, आणि खरे दत्तकविधान त्यांच्या देशातील कायद्यानुसार नंतर होई. मूल घरी पोहोचले, पाळण्यात निजले, तरी कायद्याच्या दृष्टीने ते अपत्य नव्हते, पाल्य होते. घरी आणण्याची प्रतीक्षा संपल्यावर दुसरी, न दिसणारी प्रतीक्षा सुरू होई.

महाराष्ट्रात मुंबई व पुणे ही या कार्याची प्रमुख केंद्रे होती. पुण्यात ससून रुग्णालयाशी निगडित सोफोश ही संस्था १९६४ पासून कार्यरत आहे. तिचे ‘श्रीवत्स’ हे शिशुकेंद्र सर्वपरिचित आहे. भारतीय समाज सेवा केंद्राची स्थापना १९७९ सालची. ऑस्ट्रेलियाच्या महिला क्रिकेट संघाच्या माजी कर्णधार लिसा स्थळेकर यांचा जन्म त्याच वर्षी पुण्यात झाला आणि ‘श्रीवत्स’मधून त्या दत्तक गेल्या तेव्हा त्यांचे वय अवघे तीन आठवड्यांचे होते. तीन आठवड्यांचे मूल नव्या आईवडिलांकडे जाणे आजच्या नियमांनुसार शक्य नाही. हा बदल कशामुळे घडला, हे समजण्यासाठी १९८२ सालातील एका पत्राकडे वळावे लागते.

वकील लक्ष्मीकांत पांडे यांनी सर्वोच्च न्यायालयास पत्र लिहून परदेशी दत्तकाच्या नावाखाली चालणाऱ्या गैरप्रकारांची तक्रार केली. कोवळ्या वयाची बालके जिवावर बेतणाऱ्या लांबच्या प्रवासास पाठवली जातात आणि परदेशात त्यांची आबाळ होते, असा त्यांचा आरोप होता. न्यायालयाने हे पत्रच याचिका म्हणून दाखल करून घेतले. ६ फेब्रुवारी १९८४ रोजी न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी दिलेला निकाल हा भारतीय आंतरदेशीय दत्तकविधानाचा पाया ठरला. संसदेने जे केले नाही, ते न्यायालयाने निकालपत्राच्या द्वारे केले.

या निकालात काळाचा विचार फार बारकाईने आढळतो. परदेशी दांपत्याचा अर्ज त्यांच्या देशातील मान्यताप्राप्त संस्थेमार्फतच यावा. मूल आधी भारतीय कुटुंबाला मिळावे यासाठी जास्तीत जास्त दोन महिने प्रयत्न व्हावा. तोवर कोणी पुढे न आल्यास ते परदेशी दत्तकासाठी उपलब्ध समजावे. अपंग किंवा तातडीच्या उपचारांची गरज असलेल्या मुलासाठी, संस्थेला ते उपचार करणे शक्य नसल्यास, हे दोन महिनेही थांबू नये. न्यायालयाने अर्ज दाखल झाल्यापासून दोन महिन्यांच्या आत निर्णय द्यावा. मूल परदेशी पोहोचल्यावर दोन वर्षांच्या आत त्याचे दत्तकविधान पूर्ण व्हावे. येथे प्रत्येक मुदतीमागे कारण आहे आणि बहुतेक मुदतींना कमाल मर्यादाही आहे. प्रत्यक्षात या कमाल मर्यादा किती पाळल्या गेल्या, हा वेगळा प्रश्न. छाननी करणारी संस्था, न्यायालय, पारपत्र कार्यालय आणि दूतावास यांच्या दारांत कागद एकामागून एक जात होते. मुदती मात्र प्रत्येक दाराच्या स्वतंत्र होत्या. संपूर्ण वाटेची एकच मुदत कोणी ठरवली नाही. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने ही या निकालातील सर्वांत मोठी उणीव म्हणावी लागेल.

हेग करार आणि संशयाचा काळ

१९९० साली केंद्रीय पातळीवर दत्तकविषयक यंत्रणा (‘कारा’) स्थापन झाली. २९ मे १९९३ रोजी हेग येथे आंतरदेशीय दत्तकासंबंधीचा करार संमत झाला. भारताने तो २००३ साली अनुसमर्थित केला. मुलाला स्वतःच्या देशात योग्य कुटुंब मिळण्याची शक्यता आधी पाहावी, दोन्ही देशांच्या केंद्रीय प्राधिकरणांनी संमती दिल्याखेरीज पुढे जाऊ नये, ही त्याची मुख्य सूत्रे. त्याच करारातील पस्तिसावे कलम संबंधित अधिकाऱ्यांनी त्वरेने कार्यवाही करावी असे सांगते. संमतीच्या पायऱ्या वाढवणारा करारच त्वरेची अपेक्षा करतो, यात विसंगती दिसते खरी. पण या पायऱ्या का वाढल्या, हे आंध्र प्रदेशातील घटनांनी दाखवून दिले. १९९९ व २००१ साली तेथे लंबाडा समाजातील गरीब कुटुंबांकडून नवजात मुली किरकोळ रकमेला दलालांमार्फत मिळवून दत्तक संस्थांकडे पोहोचवल्या गेल्याचे उघडकीस आले. पुण्यातील एका संस्थेच्या व्यवहारांची केंद्रीय अन्वेषण विभागामार्फत चौकशी करण्याचा आदेशही मुंबई उच्च न्यायालयाने २०१० साली दिला. जन्मदात्या आईला विचार बदलण्यासाठी दिलेले दोन महिने या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजेत. परदेशी दांपत्याच्या दिनदर्शिकेत ते विलंब म्हणून नोंदले जातात. त्या आईच्या बाजूने पाहता तेवढाच काळ तिच्या हाती असतो.

२००४ च्या सुमारास जगभरातील आंतरदेशीय दत्तकांची संख्या शिखरावर होती. त्या वर्षी एकट्या अमेरिकेत सुमारे २३ हजार मुले आली. २०२३ साली हा आकडा १,३०० च्याही खाली उतरला. या उताराबरोबर प्रतीक्षेचे स्वरूप पालटले. पूर्वी मूल संस्थेत वाट पाही आणि घरे तुलनेने लवकर मिळत. आता घरे रांगेत उभी राहिली. चीनमध्ये २००५ पर्यंत निरोगी तान्ह्या मुलीसाठी वर्षभराच्या आतबाहेर थांबावे लागे. २००६ नंतर अर्ज नोंदवलेल्या कुटुंबांची प्रतीक्षा दहा वर्षांपलीकडे गेली. करोनाकाळात तेथील प्रक्रिया थांबली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये चीनने अल्प अपवाद वगळता परदेशी दत्तकच बंद केले. ज्यांना मुलाचे छायाचित्र व वैद्यकीय अहवाल मिळाला होता, ज्यांनी त्या मुलाला नावही दिले असेल, अशा कुटुंबांच्या प्रतीक्षेला कायद्याने कोणतेही स्थान दिले नव्हते. रशियाने २०१२ च्या अखेरीस अमेरिकी नागरिकांवर बंदी घातली, तेव्हाही हेच घडले होते.

भारतातील सद्यःस्थिती

२०१५ च्या बाल न्याय अधिनियमानंतर भारतातील बालक दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त घोषित झाल्यावर साठ दिवसांत भारतीय किंवा अनिवासी भारतीय कुटुंब न मिळाल्यास ते परदेशी दत्तकासाठी उपलब्ध होते. पाच वर्षांवरील मुले, भावंडे आणि अपंग बालके यांच्यासाठी नियम सैल करण्यात आले. याचा व्यावहारिक अर्थ ध्यानात घ्यावा लागेल. देशात दत्तकेच्छू नोंदणीकृत पालक तीस हजारांहून अधिक आणि मुक्त बालके तीन हजारांहून कमी असे प्रमाण आहे. निरोगी तान्ह्या मुलासाठी भारतीय दांपत्यालाच सुमारे साडेतीन वर्षे थांबावे लागते. २०२४-२५ मध्ये झालेल्या ४,५१५ दत्तकविधानांपैकी ४,१५५ देशांतर्गत होती. परदेशी जाणाऱ्या मुलांत म्हणूनच येथील पालकांनी न स्वीकारलेल्या मुलांचे प्रमाण मोठे असते. दुभंगलेले टाळू, हृदयातील दोष, श्रवणदोष असलेले हे मूल असते. श्रवणदोष असलेल्या बालकाला पहिल्या दोनतीन वर्षांत श्रवणयंत्र व भाषेचे शिक्षण मिळाले नाही तर पुढे ती हानी भरून काढणे कठीण जाते. म्हणजे ज्या मुलाला काळ सर्वांत महाग पडतो, तेच मूल आधी नकारांची आणि नंतर ना हरकत प्रमाणपत्र, दत्तक आदेश, अनुरूपता प्रमाणपत्र, पारपत्र व प्रवेशपत्र यांची वाट पाहते.

न्यायालयीन विलंब कमी व्हावा म्हणून २०२१ च्या दुरुस्तीने दत्तक आदेशाचा अधिकार न्यायालयाकडून जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे सोपवला. १ सप्टेंबर २०२२ पासून ती अमलात आली. प्रलंबित प्रकरणेही वर्ग करण्याची तरतूद होती. परिणाम असा झाला की, आदेशाच्या उंबरठ्यावर आलेली प्रकरणे नव्या कार्यालयात पुन्हा पहिल्या पायरीवर जाण्याची भीती निर्माण झाली. जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अंतरिम आदेश देऊन न्यायालयांनीच ही प्रकरणे चालवावीत असे सांगितले. विलंब टाळण्यासाठी केलेल्या सुधारणेनेच विलंबाची भीती निर्माण करावी, ही या इतिहासातली पहिली वेळ नव्हे.

उलट दिशेची प्रतीक्षा

परदेशात वाढलेल्या मुलांपैकी काहींची प्रतीक्षा प्रौढपणातही संपली नाही. अमेरिकेत दत्तक मुलांना आपोआप नागरिकत्व देणारा २००० सालचा कायदा २७ फेब्रुवारी २००१ रोजी अंमलात आला; त्या दिवशी ज्यांनी वयाची अठरा वर्षे ओलांडली होती त्यांना त्याचा लाभ मिळाला नाही. ज्यांच्या पालकांनी नागरिकत्वाचा अर्ज स्वतंत्रपणे केलेला नव्हता, ते प्रौढ वयात परके ठरले.

याखेरीज मूळ शोधण्याची इच्छा असते. १९८४ च्या निकालात, मूल सज्ञान झाल्यावर त्याला जन्मदात्यांची माहिती देण्यास गंभीर हरकत नसावी असे म्हटले होते. हेग कराराच्या तिसाव्या कलमाने ही माहिती जपून ठेवण्याची जबाबदारी राज्यावर टाकली. भारतीय दत्तक नियमांत मूळशोधाची तरतूद आहे. पण दत्तक व्यक्तीच्या या हक्काने जन्मदात्या पालकांच्या खाजगीपणाचा भंग होता कामा नये, अशी अट तिला जोडलेली आहे. त्यामुळे सत्तरच्या व ऐंशीच्या दशकांत पुण्यामुंबईहून गेलेली व्यक्ती आज संस्थेकडे अर्ज करते, तेव्हा तिची धारिका सापडली तरी आत काय आहे ते सांगण्यापूर्वी जन्मदात्रीची संमती घ्यावी लागते. ती हयात आहे का, तिने लग्नानंतर कोणाला काही सांगितले होते का, तिच्या दारात पत्र पाठवावे की समाजकार्यकर्तीने स्वतः जावे, हे सारे ठरेपर्यंत अर्जदार आपल्या देशात थांबून असतो. या टप्प्यासाठी करारात वा नियमांत पूर्वीसारखी दोन महिन्यांची मुदत घातलेली नाही.