पन्हाळ्याचा बिबट्या आणि पिंजऱ्याची मागणी

पन्हाळगडाच्या तटाखालील झाडीतून बिबट्या वस्तीकडे येतो, दारचा कुत्रा नेतो, आणि पिंजरा लावण्याची मागणी पुढे येते. तिच्यामागील भीती खरी आहे. राखणीचा कुत्रा घरातलाच एक असतो. परंतु पिंजऱ्याने ती भीती दूर होते काय, हे इतिहासास विचारणे आम्हांस अगत्याचे वाटते.

सम्राट अशोकाने राज्याभिषेकानंतर २६ वर्षांनी कोरविलेल्या पाचव्या स्तंभलेखात अवध्य प्राण्यांची यादी आहे. पोपट, वटवाघूळ, कासव, साळिंदर यांची नावे तीत येतात. बिबट्याचे येत नाही. मात्र यादीच्या अखेरीस, जे उपयोगाचे नाहीत व खाल्लेही जात नाहीत अशा सर्व चतुष्पादांना अभय दिले आहे. बिबट्या त्यात सहज बसतो! विनाकारण अरण्य जाळू नये, हीही आज्ञा त्याच लेखात आहे.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सापळा लावणे हीदेखील शिकारच ठरविली. मुख्य वन्यजीव रक्षकांच्या लेखी परवानगीवाचून बिबट्या पकडता येत नाही.

परवानगीने पकडल्यास काय होते, हे जुन्नरने पाहिले आहे. तेथे पकडलेले बिबटे दूरच्या जंगलांत सोडण्यात आले. १९९३ ते २००१ या काळात माणसांवरील हल्ले वर्षाला सरासरी ४ होते. २००१ ते २००३ मध्ये ते १७ वर गेले. अनोळखी मुलखात सोडलेले जनावर अधिक घातक ठरले, असा अभ्यासकांचा निष्कर्ष आहे.

उकिरड्यावर भटकी कुत्री जमतात, त्यांच्यामागे बिबट्या येतो; आणि अंगणात साखळीने बांधलेल्या कुत्र्याला तर पळताही येत नाही. रात्री त्याला बंद गोठ्यात घेणे पिंजऱ्याहून स्वस्त आहे.