जपानमधील ‘भूमि-मिथक’ आणि घर-जमिनींच्या किमतींचा फुगवटा (1985 ते 2005) : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जपानचा इतिहास हा सामान्यतः राखेतून उभारलेल्या औद्योगिक समृद्धीचा इतिहास म्हणून अभ्यासला जातो. मात्र या समृद्धीच्या शिखरावरच, 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात, जपानमध्ये घरांच्या व जमिनींच्या किमती अवाजवी वेगाने वाढल्या आणि 1991 नंतर सुमारे दीड दशक त्या घसरत राहिल्या. 1990 च्या अखेरीस जपानमधील एकूण जमिनीचे मूल्य सुमारे 2,400 लाख कोटी येन इतके मोजले गेले. क्षेत्रफळाने जवळजवळ पंचवीस पट मोठ्या असलेल्या अमेरिकेतील एकूण जमिनीच्या मूल्याच्या ते सुमारे चौपट होते. ही विसंगती त्या काळी अनेकांना दिसत होती, तरीही व्यवहार थांबले नाहीत. ते का थांबले नाहीत आणि किमती कोसळल्यावर त्याचा भार कोणी वाहिला, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

भूमि-मिथकाची जडणघडण

जमिनीच्या किमती कधीच उतरत नाहीत, या समजुतीला जपानी भाषेत ‘तोची शिन्वा’ म्हणजे ‘भूमि-मिथक’ असे म्हटले जाते. ही समजूत निव्वळ अंधश्रद्धा नव्हती. तिच्यामागे एका संपूर्ण पिढीचा अनुभव होता. डोंगर व जंगले यांनी व्यापलेल्या या देशात वस्तीयोग्य सपाट भूमी मुळातच थोडी आहे. त्यातच वेगवान औद्योगिकीकरणामुळे लोकसंख्येचा ओघ टोकियो, ओसाका व नागोया या महानगरांकडे वळला. 1955 पासून 1990 पर्यंतच्या काळात शहरी जमिनींच्या किमतींचा देशव्यापी निर्देशांक केवळ एकदाच, म्हणजे पहिल्या तेलसंकटानंतर 1975 मध्ये, खाली आला. त्याआधी 1972 मध्ये काकुएई तानाका यांनी ‘जपानी द्वीपसमूहाच्या पुनर्रचने’ची योजना मांडली आणि पंतप्रधानपद स्वीकारले, तेव्हा देशभर जमीनखरेदीची लाट उसळली होती. तिला आवर घालण्यासाठी 1974 मध्ये राष्ट्रीय भूमि-वापर नियोजन कायदा करण्यात आला. परंतु 1975 ची घसरण अल्पजीवी ठरली व किमती पुन्हा चढू लागल्या. परिणामी जो धडा इशारा म्हणून घ्यावयास हवा होता, तो मिथकाच्या पुराव्यासारखा घेतला गेला.

करव्यवस्थेनेही या समजुतीला बळ दिले. जमीन बाळगण्यावरील वार्षिक कर प्रत्यक्ष बाजारभावाच्या मानाने अत्यल्प होता. वारसाकराच्या आकारणीत जमिनीचे मूल्य बाजारभावापेक्षा कमी धरले जाई, तर कर्जाची रक्कम मात्र पूर्ण वजा होई. त्यामुळे कर्ज काढून जमीन घेणे हा वारसाकर वाचविण्याचा मार्ग बनला. महानगरांच्या हद्दीतील शेतजमिनींवरही नाममात्र कर असल्याने त्या घरबांधणीसाठी विक्रीस येत नसत. टंचाई निसर्गाने निर्माण केली होती हे खरे, परंतु ती टिकविण्याचे काम धोरणाने केले.

बँका, तारण आणि स्वस्त पैसा

22 सप्टेंबर 1985 रोजी न्यूयॉर्क येथे पाच प्रमुख राष्ट्रांमध्ये प्लाझा करार झाला. त्यानंतर एका डॉलरला सुमारे 240 येन असलेला विनिमय दर 1987 च्या अखेरीस 120 च्या आसपास आला. निर्यातीवरील आघात सौम्य करण्यासाठी बँक ऑफ जपानने आपला बँकदर जानेवारी 1986 मधील 5 टक्क्यांवरून फेब्रुवारी 1987 पर्यंत 2.5 टक्क्यांवर आणला आणि तो मे 1989 पर्यंत तेथेच ठेवला. या घटनाक्रमाच्या आधारे संपूर्ण संकटाचे खापर परकीय दडपणावर फोडण्याची प्रवृत्ती जपानमध्ये दीर्घकाळ आढळते. परंतु हे स्पष्टीकरण अपुरे आहे. त्याच कराराने पश्चिम जर्मनीचे चलनही वधारले, मात्र तेथे जमिनींच्या किमतींचा असा उद्रेक झाला नाही. स्वस्त पैसा हे निमित्त होते. तो पैसा जमिनीकडेच का वळला, याचे उत्तर देशांतर्गत संस्थांमध्ये शोधावे लागते.

वित्तीय उदारीकरणामुळे मोठ्या उद्योगसमूहांनी भांडवल बाजारातून थेट निधी उभारण्यास प्रारंभ केला आणि बँकांचे परंपरागत ग्राहक दुरावले. म्हणून बँका लहान व्यावसायिक आणि स्थावर मालमत्ता कंपन्यांकडे वळल्या. कर्जदाराच्या व्यवसायाची पारख करण्याऐवजी त्याच्या जमिनीचे तारण पाहून कर्ज देणे ही जुनी रीत होती. पूर्वी तारणमूल्याच्या साधारण 70 टक्क्यांपर्यंत कर्ज दिले जाई, ती मर्यादाही आता सैल झाली. कर्जामुळे किमती वाढत, वाढलेल्या किमतीमुळे तारणाचे मूल्य वाढे आणि त्या तारणावर अधिक कर्ज मिळे. 1970 च्या दशकात गृहकर्जासाठी बँकांनीच स्थापन केलेल्या ‘जुसेन’ या संस्थांची कहाणी येथे बोलकी आहे. बँका स्वतः गृहकर्जाच्या व्यवसायात उतरल्यावर जुसेनचे ग्राहक हिरावले गेले व घर घेणाऱ्या कुटुंबांसाठी निर्माण झालेल्या या संस्था जमिनीच्या व्यापाऱ्यांना कर्जे देऊ लागल्या.

1987 या एका वर्षात टोकियो महानगर परिसरातील निवासी जमिनींच्या अधिकृत किमती 68.6 टक्क्यांनी वाढल्या. सहा मोठ्या शहरांचा निर्देशांक 1985 ते 1990 या काळात सुमारे तिप्पट झाला. जुन्या वस्त्यांतील भाडेकरूंना कायद्याचे भक्कम संरक्षण असल्याने त्यांना धाकदपटशाने हुसकावून भूखंड मोकळे करणारे ‘जिआगेया’ नावाचे दलाल याच काळात कुप्रसिद्ध झाले. टोकियो परिसरात मध्यम आकाराच्या सदनिकेची किंमत नोकरदार कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाच्या सुमारे दहापट झाली. दोन पिढ्यांनी मिळून फेडावयाची कर्जे प्रचारात आली. ज्यांना तेही शक्य नव्हते, ते दीड-दोन तासांच्या रेल्वेप्रवासाच्या अंतरावर घर घेऊ लागले. अधिक थांबलो तर कधीच घर घेता येणार नाही, ही भीती सट्टेबाजीपेक्षा वेगळी होती. परंतु किमती चढविण्यात तिचाही वाटा होता.

नियंत्रण, घसरण आणि विलंब

घरांचा प्रश्न राजकीय असंतोषाचा विषय बनल्यावर शासनाने पावले उचलली. डिसेंबर 1989 मध्ये भूमिविषयक मूलभूत कायदा संमत झाला. त्याच महिन्यात यासुशी मिएनो बँक ऑफ जपानचे गव्हर्नर झाले आणि ऑगस्ट 1990 पर्यंत बँकदर 6 टक्क्यांवर गेला. अर्थमंत्रालयाने एप्रिल 1990 पासून स्थावर मालमत्तेच्या कर्जवाढीवर मर्यादा घातली. 1992 पासून भूमिमूल्य कर लागू झाला. 29 डिसेंबर 1989 रोजी 38,915 या शिखरावर असलेला निक्केई समभाग निर्देशांक 1990 मध्येच कोसळला होता. 1991 नंतर जमिनींच्या किमतीही उतरू लागल्या.

तथापि, 1990 च्या कर्जमर्यादेत एक मोठी पळवाट राहिली. जुसेन आणि त्यांना निधी पुरविणाऱ्या कृषी सहकारी वित्तसंस्था या मर्यादेच्या कक्षेबाहेर होत्या. परिणामी इतर बँकांनी हात आखडता घेतला असताना शेतकऱ्यांच्या ठेवी जुसेनमार्गे जमीन-व्यवहारांत ओतल्या जात राहिल्या. ऑगस्ट 1992 मध्ये पंतप्रधान किइची मियाझावा यांनी बँकांच्या सावरणीसाठी सार्वजनिक निधी वापरण्याची शक्यता बोलून दाखविली. परंतु बँका, उद्योगजगत व नोकरशाही यांच्या विरोधामुळे तो विचार मागे पडला. किमती पुन्हा चढतील, 1975 नंतर चढल्या होत्या तशा, ही अपेक्षा या टाळाटाळीच्या मुळाशी होती. 1996 मध्ये सात जुसेन संस्थांच्या विसर्जनासाठी 68,500 कोटी येन इतका सार्वजनिक निधी देण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा संसदेत व संसदेबाहेर तीव्र संताप व्यक्त झाला. या संतापामुळे पुढील उपाययोजना आणखी लांबली. नोव्हेंबर 1997 मध्ये होक्काइदो ताकुशोकु बँक आणि यामाइची सिक्युरिटीज कोसळल्या व 1998 मध्ये दोन मोठ्या दीर्घमुदती पतसंस्थांचे राष्ट्रीयीकरण करावे लागले.

भार कोणी वाहिला?

अधिकृत जमीन-किमतींची देशव्यापी सरासरी 2007 मध्ये, तब्बल 16 वर्षांनी, प्रथमच वाढली. तोपर्यंत सहा मोठ्या शहरांतील व्यापारी जमिनी शिखर-किमतीच्या एक-पंचमांशाहूनही खाली, तर निवासी जमिनी सुमारे एक-तृतीयांशावर आल्या होत्या. 1990 च्या सुमारास दूरच्या उपनगरात घर घेतलेल्या कुटुंबाची अवस्था विशेष बिकट झाली. घराची किंमत शिल्लक कर्जाहून कमी झाली आणि जपानी पद्धतीनुसार घर विकूनही उरलेल्या कर्जाची जबाबदारी ऋणकोवरच राहत असे. त्यामुळे घर सोडता येईना व बदलताही येईना. उद्योगसंस्थांनी नफा गुंतवणुकीत न लावता कर्जफेडीकडे वळविला. अर्थतज्ज्ञ रिचर्ड कू यांनी या अवस्थेस ‘ताळेबंदाची मंदी’ म्हटले. नोकरभरती आटली आणि 1990 च्या दशकाच्या मध्यापासून पदवी घेऊन बाहेर पडलेली पिढी ‘रोजगाराच्या हिमयुगा’ची पिढी म्हणून ओळखली जाऊ लागली. या तरुणांनी जमीन खरेदी केली नव्हती, कर्जही काढले नव्हते. घरे स्वस्त झाली, परंतु ती घेण्यासाठी आवश्यक असलेली स्थिर नोकरी त्यांच्यापैकी अनेकांना मिळाली नाही.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. पहिला, किमतींचा फुगवटा हा केवळ लोभाचा वा परकीय दडपणाचा परिणाम नसून करपद्धती, तारणाधारित कर्जव्यवहार आणि स्वस्त पैसा यांच्या संयोगातून तो निर्माण झाला. दुसरा, दीर्घ अनुभवावर आधारलेली समजूत त्या अनुभवाची परिस्थिती बदलल्यावर सर्वाधिक घातक ठरते, कारण तिच्यावर शंका घेण्याचे कारण कोणासच दिसत नाही. तिसरा, घसरणीपेक्षा ती मान्य करण्यातील विलंब अधिक महाग पडला. अमेरिकेतही 2006 पूर्वी देशव्यापी पातळीवर घरांच्या किमती उतरत नाहीत, असे मानले जात होते. 2008 च्या संकटाने ती समजूतही मोडली. निक्केई निर्देशांकाने आपले 1989 चे शिखर फेब्रुवारी 2024 मध्ये ओलांडले, म्हणजे त्यास चौतीस वर्षे लागली. घर ही निवाऱ्याची गरज आहे की तारणाची वस्तू, या प्रश्नाकडे दुर्लक्ष केल्याची किंमत किती पिढ्यांना मोजावी लागते, हे जपानच्या या इतिहासातून स्पष्ट होते.