डोलकाठीच्या टोकावरची हाक

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

१९६० च्या दशकात मुंबईत सागवानी लाकडाची एक छोटी शिडाची नौका बांधली गेली. लांबी जेमतेम ३२ फूट. नाव ‘सुहेली’. आखातातले अरब खलाशी एका वाऱ्याला या नावाने ओळखत. या नौकेतून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १४ जून १९६८ रोजी इंग्लंडमधल्या फाल्मथ बंदरातून निघाले. एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करायची होती. वाटेत रेडिओवरून संदेश पाठवणारे यंत्र निकामी झाले. नोव्हेंबरात न्यूझीलंडच्या किनाऱ्याजवळ ते लोकांना दिसले. त्यानंतर साडेचार महिने काहीच खबर नाही. एप्रिल १९६९ मध्ये अझोर्स बेटांच्या पश्चिमेला एका तेलवाहू जहाजाला त्यांनी दिव्याच्या उघडझापीने आपले नाव कळवले, तेव्हा माणूस जिवंत असल्याचे घरच्यांना समजले.

त्याच शर्यतीत डोनाल्ड क्रोहर्स्ट होता. त्याचा रेडिओ चालत होता. पण अटलांटिक महासागरातच घुटमळत राहून त्याने आपण बरेच पुढे गेल्याचे कळवले आणि मग तो बरेच दिवस गप्प बसला. १० जुलै १९६९ रोजी त्याची रिकामी नौका सापडली. एकाजवळ सांगण्याजोगे खरे होते, पण आवाज नव्हता. दुसऱ्याजवळ आवाज होता, पण सांगितलेले ठिकाण खरे नव्हते. समुद्रावरच्या माणसाला दोन गोष्टी लागतात. त्याची हाक पोचली पाहिजे आणि तो कुठे आहे हे दुसऱ्याला कळले पाहिजे. शिडाच्या नौकेवरच्या अँटेनाचा पुढचा इतिहास या दोन गरजांचा आहे.

दूरच्या बोलण्यासाठी लघुलहरी लागतात. त्यांच्या अँटेनाला लांबी हवी, म्हणून डोलकाठीला मागून ताणून धरणारी तारच अनेकांनी अँटेना म्हणून वापरली. जवळच्या बोलण्यासाठी व्हीएचएफ रेडिओ आला. त्याची अँटेना मीटरभराचीच असते. पण तिच्या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात आणि पृथ्वी गोल आहे. म्हणून इथे लांबीपेक्षा उंचीला मोल. १६ मीटर उंच डोलकाठीच्या टोकावर अँटेना असेल, तर तशाच दुसऱ्या नौकेशी सुमारे ३३ किलोमीटरवरून बोलता येते. तीच अँटेना दोन्ही नौकांच्या मागच्या कठड्यावर, पाण्यापासून तीन मीटरवर लावली, तर अंतर १४ किलोमीटरवर येते.

हे गणित किती महाग पडू शकते ते ऑगस्ट १९७९ च्या फास्टनेट शर्यतीत दिसले. ३०३ नौका निघाल्या, आयर्लंडजवळच्या समुद्रात वादळाने गाठले आणि शर्यतीतले १५ खलाशी दगावले. अनेक नौकांवर मदत मागायला रेडिओच नव्हता. त्यानंतर तो अशा शर्यतींत सक्तीचा झाला.

ठिकाण कळवण्याची सोय नंतर आली. एआयएस नावाचे यंत्र उपग्रहांवरून आपली जागा ओळखते आणि नाव, ठिकाण, वेग, दिशा हे सारे आपणहून पुन्हा पुन्हा प्रसारित करते. २००४ अखेरपर्यंत आंतरराष्ट्रीय प्रवास करणाऱ्या ३०० टनांवरच्या जहाजांना ते बंधनकारक झाले. पुढे छोट्या नौकांसाठी कमी शक्तीचे यंत्र निघाले. रेडिओ २५ वॅटचा असतो; हे साधारणपणे दोन किंवा पाच वॅटचे.

दोन्ही यंत्रांच्या लहरी शेजारच्या, आणि डोलकाठीचे टोक एकच! मग नौकेच्या मालकाला प्रश्न पडतो: अँटेना एक की दोन? एकाच अँटेनाला मध्ये विभाजक बसवून दोन्ही यंत्रे जोडता येतात. पण आपण रेडिओवर बोलत असू तेवढा वेळ एआयएस गप्प राहते, आणि ती एक अँटेना गेली की दोन्ही गेली. दोन वेगळ्या लावल्या, तर रेडिओची टोकावर आणि एआयएसची मागच्या कठड्यावर हा शहाणपणाचा मार्ग. मोठ्या जहाजाची अँटेना उंचच असते. ती ३६ मीटरवर धरली, तर कठड्यावरून सुद्धा आपण त्याला ३० किलोमीटरवर दिसू शकतो.

आणखी दोन गोष्टी. पातळ केबल स्वस्त पडते, पण २० मीटरच्या वाटेत ती निम्म्याहून अधिक शक्ती गिळते. म्हणून जाड केबल घ्यावी. शिवाय जास्त ताकदीची म्हणून विकली जाणारी अँटेना आपला झोत चपटा करते. शिडाची नौका वाऱ्याने कलली, की त्या झोताची एक बाजू पाण्यात जाते आणि दुसरी आकाशात. अशा नौकेला साधी अँटेनाच बरी.

२०१८ मध्ये ‘सुहेली’च्या धर्तीवर गोव्यात बांधलेली ‘थुरिया’ घेऊन नौदलाचे अभिलाष टोमी तशाच प्रदक्षिणेला निघाले. नाव ऐकताच आपल्याला संतांची तुर्या आठवते, जागृती-स्वप्न-निद्रेपलीकडची अवस्था. सप्टेंबरात दक्षिण हिंदी महासागरात वादळाने नौका उलटली, डोलकाठी मोडली, टोमींच्या पाठीला जबर इजा झाली. डोलकाठी पडते तेव्हा तिच्यावर बांधलेले सारे तिच्याबरोबर जाते. टोमींना उठता येत नव्हते. पण उपग्रहामार्फत लेखी संदेश पाठवणारे एक छोटे यंत्र चालू होते आणि त्यांचे ठिकाण किनाऱ्यावर कळत होते. विमानांनी नौका हेरली आणि २४ सप्टेंबरला ‘ओसिरिस’ या फ्रेंच गस्ती नौकेने त्यांना उचलून घेतले. पन्नास वर्षांपूर्वी हेच घडले असते, तर शोधायचे कुठे हेच कुणाला कळले नसते.

म्हणून उंचीवर जरूर भिस्त ठेवावी, सगळी मात्र नको. एक अँटेना वर असावी, एक खाली, आणि हाताशी डोलकाठीवर अवलंबून नसलेले एखादे साधन. बंदर सोडण्यापूर्वी दूरच्या एखाद्या नौकेला विचारावे, ‘माझे ऐकू येते का? मी दिसतो का?’ रेडिओचा दिवा लागला म्हणजे आवाज पोचला असे नव्हे. तो पोचला की नाही, हे ऐकणाराच सांगू शकतो.