उसाच्या गावातले वाकडे दात

कोल्हापूरचे शाहू महाराज आमच्या कसबा बावड्यात जन्मले १८७४ साली. त्यानंतर कुठे वाकड्या दातांची पक्की वर्गवारी अमेरिकी दंतवैद्य एडवर्ड अँगल यांनी मांडली १८९९ साली, आणि इंडियन ऑर्थोडॉन्टिक सोसायटी स्थापन झाली १९६५ साली. तेव्हा ‘आमच्या आजोबांना कुठे तारा लागल्या?’ या पालकांच्या प्रश्नातून फारसे सिद्ध होत नाही. वाकडे दात होते, तारा बसवणारे नव्हते.

तरी त्या प्रश्नात तथ्य आहे. संशोधक रॉबर्ट कोरुचिनी आणि सहकाऱ्यांना उत्तर भारतात खेड्यातल्या मुलांपेक्षा शहरी मुलांच्या दातांची ठेवण अधिक बिघडलेली आढळली. मऊ अन्नाने जबड्याला काम उरत नाही, तो पुरेसा वाढत नाही, हा त्यांचा तर्क. मला तो पटतो, पण अर्धाच. राजाराम साखर कारखान्याच्या या बावड्यात कुणी म्हणेल, मग मुलांना ऊस सोलून खाऊ द्या! पण चावण्याचा उपयोग जबडा वाढताना; बाराव्या वर्षी पुढे आलेले दात उसाने मागे जात नाहीत. शिवाय आनुवंशिकता आहे, अंगठा चोखणे आहे. आणि किडलेली दुधाची दाढ वेळेआधी गेली, की मागची पुढे सरकून पक्क्या दाताची जागा अडवते. म्हणून दुधाचे दात सांभाळा, आणि सातव्या वर्षाच्या सुमारास मूल एकदा दंतवैद्याला दाखवाच.