साखर एक, आजार अनेक

आमच्या मोहल्ल्यात कुणाला विचारावे, 'काय झाले?' तर उत्तर येते, 'शुगर आहे.' एवढ्यावर बोलणे संपते. कुठल्या प्रकारची, हे कुणी सांगत नाही, कुणी विचारत नाही. खरे तर त्यावरच औषध ठरते. कधी कधी जीवही.

हा प्रश्न जुना आहे. सुश्रुतसंहितेत प्रमेहाचे दोन प्रकार सांगितले आहेत. एक सहज, म्हणजे जन्माबरोबर आलेला. त्याचा रोगी कृश, तहानेने व्याकूळ. दुसरा अपथ्यातून आलेला. त्याचा रोगी स्थूल, भरपूर खाणारा, अंथरूण न सोडणारा. उपचारही दोन: कृशाला पोसायचे, स्थूलाला उतरवायचे. माणूस पाहून रोग ठरवण्याची ही रीत दीर्घकाळ टिकली. १८८० मध्ये पॅरिसच्या लान्सरो यांनीही मधुमेहाचे कृश आणि स्थूल असेच दोन भाग केले.

१९२१ मध्ये टोरांटोत इन्सुलिनचा शोध लागला. जानेवारी १९२२ मध्ये मरणाच्या दारातला चौदा वर्षांचा मुलगा त्याने सावरला. वाटले, कोडे सुटले. मधुमेह म्हणजे इन्सुलिनची उणीव! पण काहींना थोड्या इन्सुलिनने उतार पडे, तर काहींची साखर भरपूर देऊनही हटेना.

लंडनच्या डॉ. हॅरल्ड हिम्सवर्थ यांनी मग थेट शरीरालाच विचारले. रुग्णाला ग्लुकोज पाजायचे आणि त्याच वेळी शिरेतून इन्सुलिन द्यायचे. काहींची साखर दबली, काहींची चढत गेली. १९३६ मध्ये त्यांनी मांडले, की काहींचे शरीर इन्सुलिनला दाद देते, काहींचे देत नाही. १९६० मध्ये यॅलो आणि बर्सन यांनी रक्तातले इन्सुलिन मोजण्याची पद्धत मांडली, तेव्हा कळले, की प्रौढपणी मधुमेह झालेल्या अनेकांच्या रक्तात ते भरपूर असते. १९७४ मध्ये आणखी उलगडा झाला. पहिल्या प्रकारात शरीराची संरक्षक यंत्रणा आपल्याच स्वादुपिंडाच्या पेशींवर उलटते, याच्या खुणा रक्तात सापडल्या.

मग बांधा पाहून काय कळते? २००४ मध्ये पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी लंडनच्या एका सहकाऱ्यासोबतचे आपले छायाचित्र 'लॅन्सेट'मध्ये छापले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच. शरीरातली चरबी मात्र सहकाऱ्याची ९.१ टक्के, पुणेकराची २१.२ टक्के! आपल्याकडे सडपातळ माणसालाही दुसऱ्या प्रकारचा मधुमेह होतो, तो असा. उलट पहिला प्रकार चाळिशीनंतरही गाठू शकतो. २०२५ मध्ये तर कुपोषणाशी जोडलेल्या मधुमेहाला आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने पाचवा प्रकार म्हणून मान्यता दिली.

पहिल्या प्रकारच्या रुग्णाला केवळ गोळ्यांवर ठेवले, तर ते त्याच्या जिवावर बेतू शकते. शंका असेल तेव्हा प्रतिपिंडांची आणि सी-पेप्टाइडची तपासणी उत्तराकडे नेते. म्हणून डॉक्टरांना 'साखर किती?' एवढेच विचारून उठू नका. 'कुठल्या प्रकारची, आणि ते कशावरून?' हेही विचारा. दोन हजार वर्षांचा हा प्रश्न आहे. तो विचारण्यात संकोच कसला?