बार्शीची पायपीट आणि उस्मानाबादच्या १,३१,७४६ स्त्रिया

ऑक्टोबर १९९९. उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यातील खेड्यांत ३० ते ५९ वयाच्या निरोगी स्त्रियांची नोंदणी सुरू झाली. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी आयुष्यात एकदाच केली, तरी मृत्यू टळतात का, हा प्रश्न होता. तपासणीला बोलावलेल्या दर १० स्त्रियांपैकी जवळपास ८ जणी आल्या.

कसलाही त्रास नसलेली बाई शेतातले काम सोडून अशा तपासणीला येते, हे सहज घडत नाही. त्यासाठी एक तप मागे जावे लागते.

१९८७ साली शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात, बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलमध्ये, देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम हे तिचे तालुके. शेवटचे दोन उस्मानाबाद जिल्ह्यातले. शहरातील नोंदणी रुग्णालयांच्या कागदपत्रांवर चालते. येथे रुग्ण रुग्णालयापर्यंत पोहोचतच नसत. मग नोंदणीचे कार्यकर्तेच गावोगाव फिरले, बैठका घेतल्या, लक्षणे सांगितली. अंगावरून जाणे, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसणे, ही दुखणी घरातही बोलली जात नसत. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले, की तपासणीची कोणतीही मोहीम नसताना, केवळ या जागृतीमुळे रोग आधीच्या टप्प्यात सापडू लागला होता.

उस्मानाबादचा प्रयोग याच रुग्णालयाने, टाटा मेमोरियल आणि ल्याँच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेसोबत केला. त्या ८० टक्क्यांत आधीच्या पायपिटीचा वाटा मोठा असावा.

निष्कर्ष २००९ साली आले. एका गटाची पॅप चाचणी झाली, दुसऱ्याची सौम्य ॲसिटिक आम्ल लावून डोळ्यांनी पाहणी. या दोहोंत मृत्यू लक्षणीय घटले नाहीत. तिसऱ्या गटात एचपीव्ही विषाणूची चाचणी झाली. तेथे ३४,१२६ स्त्रियांपैकी ३४ जणी या रोगाने दगावल्या. चौथ्या, तपासणी न झालेल्या गटात ३१,४८८ पैकी ६४. म्हणजे एकाच चाचणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर.

पण हा चौथा गट सहजी विसरता येत नाही. देशात तपासणीचा कार्यक्रमच नव्हता, म्हणून त्यांना इतरांसारखीच वागणूक मिळाली, असे समर्थन झाले. टीकाकारांनी विचारले : कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात १९४९ पासून पॅप तपासणी चालू असताना, ती न देता वाट पाहणे कितपत न्याय्य? प्रयोगाने जगाला बरेच दिले हे खरे. तरी हा प्रश्न रास्तच आहे.

२०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेने एचपीव्ही चाचणीला प्राधान्य दिले. त्याच सुमारास, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, भारतातील ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ही तपासणी कधीतरी झालेल्या निघाल्या १.९ टक्के.